बाई, हा मला बल लावतोय!

ढकलणं किंवा ओढणं म्हणजे बल, एवढं फळ्यावर लिहून मी खडू खाली ठेवते न ठेवते तोच मागून तक्रार येते, ‘बाई, हा मला बल लावतोय!’ कालपर्यंत जो गुन्हा होता, तो आज अभ्यासक्रम झालेला असतो. ‘का रे ढकलतोस त्याला?’ असं विचारायचीही सोय राहत नाही. ‘बाई, उदाहरण देतोय,’ हे उत्तर तयार. सातवीच्या विज्ञानात वनस्पतींची रचना आहे, अन्नपदार्थांची सुरक्षा आहे, पण मधल्या सुट्टीत कोणी त्याचा सराव करताना दिसत नाही. बलाचा सराव मात्र शाळा सुटेपर्यंत चालतो, आणि सुटल्यावर फाटकात तर उजळणीच असते.

त्यामानानं चाल शिकवणं शांततेचं काम. अंतर भागिले वेळ, संपलं. पण गणितातल्या गाडीवर मुलांचा विश्वास नाही. १५० किलोमीटर अंतर ३ तासांत कापणारी गाडी फळ्यावर सोडली, की पहिला प्रश्न येतो, ‘बाई, फाट्यावर थांबते का?’ नाही थांबत. ‘मग पॅसेंजर कुठं घेते?’ गणितातली गाडी पॅसेंजर घेत नाही, पंक्चर होत नाही, तिचा ड्रायव्हर चहाला उतरत नाही. अशी गाडी ज्यांनी कधी पाहिली नाही, त्यांनी तिची चाल तरी का काढावी?

म्हणून वर्ग मैदानावर नेला. फक्कीनं १०० मीटरच्या दोन्ही टोकांना रेघा मारल्या, मोबाइलवर वेळ लावली आणि वर्गातल्या सगळ्यात लांब टांगांच्या मुलाला पळवला. १६ सेकंद. म्हणजे सेकंदाला ६.२५ मीटर, त्याला १८ नं गुणून ५ नं भागलं, की ताशी साडेबावीस किलोमीटर. मी मोठ्या उत्साहानं उसेन बोल्टचं सांगितलं, की २००९ साली बर्लिनमध्ये हेच अंतर तो ९.५८ सेकंदांत पळाला, म्हणजे सरासरी ताशी साडेसदतीसच्या वर. बोल्टचं कोणालाच काही वाटलं नाही. हा पठ्ठ्या जमिनीवर काडीनं वेगळंच गणित मांडत होता. त्याचं गाव १८ किलोमीटरवर आणि एसटीला लागतो एक तास. ‘बाई, मी एसटीला मागं टाकतो!’

गणित बिनचूक होतं. एसटी मधे साठनंही धावते, पण फाटे, थांबे आणि दूधवाल्यांच्या किटल्या धरून सरासरी येते अठराच. मी म्हटलं, ‘मग पळतच येत जा. पहिला तास तरी बुडणार नाही.’ तो म्हणाला, ‘पण बाई, दप्तर असतं ना!’ वस्तुमानाचा धडा अजून यायचा होता, पण तो त्याच्या खांद्यावर आधीच येऊन बसला होता.

खरी लढाई जुंपते ती पुढच्या मुद्द्यावर. ‘बल लावायचं थांबवलं की वस्तू थांबते’ यावर दरवर्षी आख्ख्या वर्गाचं एकमत असतं, आणि सहलीचं ठिकाण ठरवतानाही या वर्गाचं एकमत होत नाही. मी सांगते, वस्तू आपण होऊन थांबत नाही, तिला कोणीतरी थांबवतं. यावर खिडकीजवळच्या मुलीनं मला सरळ घरचं आमंत्रणच दिलं. ‘बाई, आमचा बैल थांबला की गाडी थांबतीच. येऊन बघा.’

आता हिला काय म्हणणार? अ‍ॅरिस्टॉटलचंही साधारण हेच म्हणणं होतं आणि त्यावर युरोपनं जवळजवळ दोन हजार वर्षं काढली. गॅलिलिओनं उतरत्या फळीवरून गोळे घरंगळवले, १६८७ साली न्यूटनचा ग्रंथ आला, तेव्हा कुठं बैल सुटला. आणि तोही पुरता सुटलाच असं नाही. १९९२ साली अमेरिकेत हेस्टिनीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीसेक साध्या प्रश्नांची एक चाचणी प्रसिद्ध केली. आकडेमोड नसलेली, नुसतं ‘काय होईल ते सांगा’ अशी. न्यूटनची सूत्रं वापरून धडाधड गणितं सोडवणारी कॉलेजातली मुलं या प्रश्नांना अ‍ॅरिस्टॉटलची उत्तरं देत होती. आमच्या सातवी ‘ब’ला याहून मोठा दिलासा कोणता? घटक चाचणीच्या निकालाच्या दिवशी मी हे हेडसरांच्या कानावर घातलं. त्यांनी शांतपणे विचारलं, ‘अमेरिकेचा निकाल किती टक्के लागला?’

माझं स्पष्ट मत आहे, की दोष मुलांचा नाही, क्रमाचा आहे. आपण आधी न्यूटन सांगतो आणि मग हळूच म्हणतो, ‘समजा, पृष्ठभागावर घर्षण नाही.’ का समजा? असा पृष्ठभाग मुलांना एकच ठाऊक आहे, शाळेच्या टाकीजवळची शेवाळलेली फरशी, आणि तिथं जायला बंदी आहे. जे सगळीकडे आहे ते नाही असं समजायला लावायचं आणि वर विचारायचं, समजलं का? म्हणून मी घर्षण आधी घेते. गाडीला थांबवणारा चोर पकडून दिला, की न्यूटनचं म्हणणं पटायला वेळ लागत नाही.

चोर मोजायला ताणकाटा लागतो. प्रयोगशाळेच्या कपाटात आमचा एक आहे. त्याला एक दप्तर अडकवलं, काटा हलला नाही. दोन अडकवली, तरी ढिम्म. शिपाईमामांनी वरून एक टिचकी मारली, तशी तो सणकन तळाला गेला आणि तिथंच राहिला. गंज! घर्षण मोजायचं साधनच घर्षणानं जाम झालेलं. शेवटी कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याचा स्प्रिंगचा काटा मागून आणला. त्यानं आनंदानं दिला. ‘बाई, उत्तरपत्रिका काढताय काय?’ एवढंच त्याला विचारायचं होतं.

मग एक लाकडी पाट, त्यावर वर्गातला एक ३० किलोचा स्वयंसेवक, पाटाला दोरी आणि दोरीला काटा. शहाबादी फरशीवर ओढायला सुरुवात केली. काटा आठ, दहा, बारा असा चढत गेला, पाट जागचा हलेना. चौदाला एकदम हिसका बसला, पाट निघाला आणि काटा झपकन दहावर उतरला. ‘निघाल्यावर हलकं झालं!’ असं चारपाच जण एकदम ओरडले. हलकं काही झालं नव्हतं, स्वयंसेवक होता तेवढाच होता. सुरुवात करून द्यायला जास्त बल लागतं आणि चालू ठेवायला कमी, हे त्यांनी बंद पडलेली मोटरसायकल ढकलताना हातानं अनुभवलेलं असतं. काट्यावर पाहिल्यावर त्याचा धडा होतो. मग पाटाखाली गोणपाट घातलं, काटा वाढला. फरशीवर पाणी ओतलं, काटा उतरला आणि शिपाईमामांचा पारा चढला.

एका मुलानं विटेचा हट्ट धरला. आडवी ओढली तर जास्त जागा घासते, उभी ओढली तर कमी, तेव्हा उभी हलकी जाणार. वर्गानं मतदान करून त्याला पाठिंबा दिला. वीट आडवी ओढली, मग उभी ओढली. काटा दोन्ही वेळी जवळजवळ तिथंच. फ्रान्सच्या आमाँतोंनं १६९९ साली हेच मांडलं होतं, की घर्षण दाबणाऱ्या भारावर ठरतं, टेकलेल्या जागेवर नाही. बहुमत पडलं, वीट निवडून आली.

पण घर्षण वर्गाच्या डोक्यात खरं शिरलं ते रस्सीखेचेनंतर. मुलगे विरुद्ध मुली. पीटीच्या सरांनी टॉस केला, तो मुलग्यांनी जिंकला आणि सावलीची बाजू मागून घेतली. सावलीत होता स्टेजपुढचा सिमेंटचा कोबा, वर मैदानातून उडून आलेली बारीक वाळू. मुली उन्हात, अनवाणी, मुरमावर. शिट्टी वाजली. मुलग्यांनी जोर लावला नाही असं कोणी म्हणू नये. माना फुगल्या, दातओठ खाल्ले गेले. पण पायाखाली वाळूचे कण गोल फिरत होते, आणि ते उभ्याच्या उभे, कोणी न पडता, मुलींकडे सरकत गेले. पीटीचे सर ‘ओढा, ओढा!’ म्हणून ओरडत होते. ओढून काय होणार? दोरी दोन्ही बाजूंना सारख्याच बलानं ओढते. दोरीवर कोण जास्त ओढतं त्यानं निकाल लागत नाही, कोणाचे पाय जमीन धरतात त्यानं लागतो. म्हणून तर पट्टीचे खेळाडू मागं रेलतात, टाचा रोवतात आणि वजनदार गडी संघात घेतात. हा खेळ १९०० ते १९२० या काळात ऑलिंपिकमध्येही होता, हे कळल्यावर मुलींची मान आणखी ताठ झाली.

बाजू बदलून पुन्हा खेळवला, तेव्हा मुलगे जिंकले. लगेच मुलींचा निषेध, ‘बाई, हे जिंकले नाहीत, घर्षण जिंकलं!’ पहिल्या डावाबद्दल मात्र हे शास्त्र कोणी काढलं नाही.

सहामाहीत प्रश्न होता, घर्षणाचे दोन उपयोग लिहा. एकानं लिहिलं, ‘१. चालता येते. २. मुली जिंकतात.’ दोन्ही गुण दिले. मल्लखांब करणाऱ्या एका मुलानं घर्षण कमी करण्याच्या उपायांत ‘खांबाला एरंडेल’ असं लिहिलं, ते पुस्तकात नाही पण आखाड्यात आहे, म्हणून त्यालाही पूर्ण गुण. हेडसरांनी दोन्ही उत्तरपत्रिका परत तपासायला मागवल्या आणि त्या अजून त्यांच्याच टेबलावर आहेत. त्यांना बल कोणी लावायचं, हा प्रश्न आहे.

वाचणाऱ्यांना एकच विनंती. घरात जुना ताणकाटा पडून असेल, तर जवळच्या शाळेला देऊन टाका. न्यूटनचा असला तर उत्तम, किलोचा असला तरी चालेल, ९.८ नं गुणायचं काम मुलं करतील. देण्याआधी फक्त एकदा ओढून सोडा आणि काटा शून्यावर परत येतो का, तेवढं बघून घ्या.