थोरली पाती, धाकटी पाती आणि एक नळ

देवासला एकाच गावात दोन राज्यं होती. तुकोजीराव आणि जिवाजीराव या पवार बंधूंची अठराव्या शतकात वाटणी झाली आणि थोरली पाती, धाकटी पाती असे दोन दरबार एकाच टेकडीखाली नांदू लागले. टेकडीवरच्या देवीसुद्धा दोन, तुळजाभवानी मोठी माता आणि चामुंडा छोटी माता. १९४८ साली दोन्ही संस्थानं मध्य भारतात विलीन झाली असं इतिहासाची पुस्तकं सांगतात. आमच्या अंगणात ही बातमी अजून पोचलेली नाही.

पायरीच्या डावीकडची थोरली पाती सासूबाईंची. तिथे तुळस, मोगरा, जास्वंद आणि कढीपत्ता. देवाला किंवा फोडणीला ज्याचा उपयोग नाही, त्या झाडाला त्यांच्या राज्यात थारा नाही. उजवीकडची धाकटी पाती सासऱ्यांची, म्हणजे नानांची. तिथे गुलाब आणि हिवाळी फुलं : फ्लॉक्स, पिटुनिया, कॅलेंड्युला. नळ एकच, तो बरोब्बर सरहद्दीवर. माझं माहेर धारचं, म्हणजे तिसऱ्या पवारांच्या मुलखातलं, त्यामुळे मी कुठल्या कुंडीला हात लावला तरी तो परकीय हस्तक्षेप ठरतो.

माळव्यातला वसंत म्हणजे चार दिवसांचा पाहुणा. होळीच्या आगेमागे येतो आणि पाडव्याची गुढी उतरवेपर्यंत निघायच्या गडबडीत असतो. त्यानंतर जो कोरडा वारा सुटतो, त्यात ओला टॉवेल दोरीवर टाकून आत वळावं, तोवर तो वाळलेला. म्हणून बागेची सगळी कामं या एवढ्याशा फटीत उरकायची असतात, आणि सगळी कामं उरकायची असतात म्हणूनच सगळी भांडणंही याच फटीत होतात.

पहिलं भांडण मोगऱ्याचं. मोगऱ्याला जानेवारीअखेर ताण द्यावा लागतो. पाणी तोडायचं, पानं खुडायची, फांद्या छाटायच्या आणि मग फेब्रुवारीत शेणखत घालून पुन्हा पाणी सुरू करायचं. तेव्हा कुठे चैत्रात कळ्या लागतात, आणि चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला सासूबाई घरचा गजरा घालून मिरवू शकतात. त्या अगदी नेमाने पानं खुडतात. पण नानांना ते उघडंबोडकं झाड बघवत नाही. पहाटे दूधवाल्याला दार उघडायला म्हणून ते उठतात आणि परराज्यात शिरून तांब्याभर पाणी ओतून येतात. परिणाम असा की आमचा मोगरा दरवर्षी हिरवागार होतो आणि हळदीकुंकवाचे गजरे बाजारातून येतात. “माती थकली असेल,” असं नाना म्हणतात. सासूबाई त्यांच्याकडे नुसतं बघतात.

नाना नोट प्रेसमधून निवृत्त झाले. उभी हयात मोजण्यात गेली, ती सवय आता पाण्यावर उतरली आहे. नळाशेजारी खिळ्याला एक वही लटकते. कुठल्या कुंडीला किती मग, हे त्यात रोज लिहिलं जातं. खाली सही. या हिशेबात एकच खोट आहे आणि ती आमच्या काळ्या मातीची आहे. ही माती वाळली की आकसते आणि कुंडीच्या कडेपासून सुटते. मग कडेनं बोट जाईल एवढी फट पडते. वरून मगभर पाणी घाला, ते त्या फटीतून घसरत थेट तळाच्या भोकाशी जातं आणि ओट्यावरून गटाराला लागतं. बोटानं मधली माती उकरून पाहिलीत तर आत ठणठणीत कोरडी. वहीत मात्र ‘१ मग, दिला’. झाडं कागदोपत्री तृप्त असतात.

यावर उपाय आहे. कडा खुरपीनं मोकळ्या करायच्या, मातीत वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळायचं आणि अख्खी कुंडी घमेल्यातल्या पाण्यात ठेवून बुडबुडे थांबेपर्यंत भिजू द्यायची. हा उपाय माझ्या वडिलांनी, म्हणजे दादांनी सांगितला. ते धारचे असल्यामुळे तो नामंजूर झाला.

धारच्या माणसाला पाण्याचा फार गर्व. मुंज तलावाचं नाव परमार राजावरून पडलं, इथपासून दादा सुरुवात करतात आणि बोलता बोलता आपल्या परसातल्या विहिरीवर येतात. सासूबाईंचं उत्तर ठरलेलं असतं : “आमच्याकडे पाणी आगगाडीनं आलंय.” हे खरं आहे. १९९० साली देवासला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. एखाद्या गावानं टंचाईचा असा तोरा मिरवलेला मी दुसरीकडे पाहिला नाही. दादा गप्प होतात, पण तेवढ्यापुरतेच.

खरं तर देवासच्या कोरडेपणाला मोठमोठे साक्षीदार आहेत. इंग्रज कादंबरीकार इ. एम. फॉर्स्टर १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचा खासगी सचिव म्हणून इथे राहिला. मोटारी आणि वीजघराच्या जोडीला बागाही त्याच्याकडे होत्या. राजवाड्यात त्याला पियानो सापडले, नवे कोरे, पण कोरड्या हवेनं तडकलेले. जी हवा लाकडी पियानोला सोसली नाही, ती पिटुनियाला काय सोसणार? उलट कुमार गंधर्व क्षयानं आजारी असताना १९४८ साली देवासला आले ते या कोरड्या हवेसाठीच. इथेच बरे झाले, इथेच राहिले आणि पुढे ‘गीतवसंत’सुद्धा त्यांनी केला. एकूण काय, आमचं हवामान गवयाला मानवतं, फुलझाडाला नाही. नानांना हे पटत नाही. होळी उलटली तरी ते फ्लॉक्सची वाळकी रोपं उपटू देत नाहीत, कारण ‘बी धरतंय’. ते बी लग्नाच्या आहेराच्या पाकिटांत जातं. पाकिटांवर नाव लिहिलेलं असतं, पण ते आहेर देणाऱ्याचं. त्यामुळे ऑक्टोबरात काय उगवणार, हे कुणालाच सांगता येत नाही.

आता गोरखचिंचेबद्दल. दादांनी मांडवगडहून तिचं फळ आणलं होतं. मांडूच्या रस्त्याकडेला ही फळं विकायला असतात, तिकडे तिला खुरासानी इमली म्हणतात. मूळची आफ्रिकेतली, फुगीर बुंध्यात पाणी साठवून ठेवणारी. तेव्हा देवासला याहून शहाणं झाड नाही, असं दादांचं म्हणणं. टणक बी गरम पाण्यात रात्रभर भिजवलं, उगवलं, रोप कमरेएवढं झालं. देवाला चालत नाही म्हणून थोरल्या पातीनं नाकारलं, फूल दिसत नाही म्हणून धाकटीनं. शेवटी कुंडी फाटकाबाहेर, निर्वासितांच्या छावणीत.

या झाडाची खोड अशी की ते हिवाळ्यात पानं गाळतं आणि पावसाळा जवळ येईपर्यंत नुसती काठी होऊन उभं राहतं. सगळ्या गल्लीला पालवी फुटत असते आणि हे आपलं ढिम्म. बागेत कधीमधी येणारा माळी दर वेळी सांगून जाई, “साब, ये तो गया.” होळीच्या दिवशी संध्याकाळी गल्लीतली पोरं लाकडं गोळा करत आली. आमच्या कुंपणाची एक फळी दरवर्षी जातेच, तेवढं आम्ही धरून चालतो. या वेळी एकानं ती काठीही ओढली. काठीबरोबर मुळ्यासारखं जाडजूड, रसाळ मूळ वर आलं आणि पोरगा ओरडला, “अरे, नीचे मूली लगी है!”

त्या आरोळीनं झाड वाचलं. नाना धावले, सासूबाई धावल्या. दोन्ही पात्या एकाच मोहिमेवर निघालेल्या मी पहिल्यांदाच पाहिल्या. रोप परत लावलं, कुंडी आत आली आणि बरोब्बर नळाखाली बसली. पण आता वेगळंच संकट आहे. मूळ वाचवल्याचं श्रेय दोघांनाही हवं आहे, म्हणून दोघंही चोरून तिला पाणी घालतात, आणि पानं नसताना या झाडाला पाणी म्हणजे मूळ कुजायला आमंत्रण. वहीत तिच्या नावापुढे मी मोठ्या अक्षरांत ‘० मग’ लिहून ठेवलं आहे. त्याखाली नानांनी सही केली आहे आणि शेजारी ‘फक्त रविवारी १’ अशी दुरुस्ती.

तेव्हा धार-देवासकडच्या कुणी मांडूहून गोरखचिंच आणली असेल तर एवढं करा. मृगाच्या आसपास ती आपण होऊन पालवते. तोवर तिला पाणी घालू नका, वाळली म्हणून उपटू नका आणि होळीच्या आदल्या रात्री कुंडी घरात घ्या.