उन्हाळी शेतकरी

उन्हाळी भुईमूग असतो, उन्हाळी कांदा असतो, तसाच हा उन्हाळी शेतकरी. हे वाण कोथरूड, बाणेर, पार्ले आणि घोडबंदर रस्त्यावरच्या उत्तम निचऱ्याच्या सोसायट्यांमध्ये जोमानं येतं. वय पंचेचाळिशीच्या पुढं, आयटीत वीस-पंचवीस वर्षं काढलेली, पाठीत चमक, कपाटात नैसर्गिक शेतीवाल्या फुकुओकाचं पुस्तक आणि गच्चीत कंपोस्टचा पिंप, ही त्याची लक्षणं. पिंपातून खत निघायला तीन महिने लागतात. बोलणं मात्र रोज निघतं.

गावी त्याची शेती असते. नसते असं नाही. कोरेगाव तालुक्यात वडिलोपार्जित चार-पाच एकर, आणि सातबाऱ्यावर सगळी भावकी ओळीनं उभी. तो तिकडं फिरकत नाही, पण उताऱ्यावरचं नाव कमी करू देत नाही. कारण महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायची तर आधी शेतकरी असावं लागतं, आणि मुळशीत कधीतरी फार्महाऊस घ्यायचंच असतं. जमीन थोरले चुलतभाऊ कसतात. दिवाळीला वाघ्या घेवड्याची एक पिशवी पुण्यात पोचते आणि दोन्ही पक्षांचा व्यवहार वर्षभरासाठी मिटतो.

असा हा माणूस एका रविवारी पोह्यांवर जाहीर करतो, "यंदाचा उन्हाळा शेतावर काढणार."

"कोरेगावात?" बायको विचारते.

"छे! दक्षिण टिरोलला."

मग तो सगळं समजावून सांगतो. १९७१ मध्ये लंडनमधल्या सू कॉपर्ड नावाच्या सेक्रेटरीबाईंना शहराचा कंटाळा आला. त्यांनी काही मंडळी जमवून ससेक्समधल्या सेंद्रिय शेतावर शनिवार-रविवार राबायची टूम काढली. तिचीच पुढं 'वूफ' ही जगभर पसरलेली चळवळ झाली. दिवसाकाठी चार-सहा तास काम करायचं, शेतकरी राहायला-जेवायला देणार, पैसा कुणी कुणाला द्यायचा नाही. "म्हणजे फुकट," असं सांगताना विमानाचं तिकीट, शेंगेन व्हिसा, वर्गणी, विमा आणि डोंगरात चालायचे बूट एवढी किरकोळ रक्कम तो धरत नाही.

म्युनिकला उतरून, ब्रेनरची खिंड ओलांडून तो इटलीत शिरतो. तिथं बहुतेक लोक जर्मन बोलतात. हा मुलूख पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाकडून इटलीकडं गेला, हे तो पुढं आयुष्यभर भेटेल त्याला ऐकवणार असतो. चढावरचं लाकडी घर, आठ-दहा गाई, घरधनी, घरधनीण, आजी आणि दोन पोरं. गाई जूनमध्येच वरच्या कुरणात गेलेल्या असतात, त्या सप्टेंबरात उतरणार. खालच्या माणसांच्या मागं तोवर एकच काम असतं, हिवाळ्याची वैरण.

उतार असा की यंत्र चढत नाही. लांब दांड्याच्या विळ्यानं गवत कापायचं. घरधन्याच्या कमरेला पाण्याचं नळकांडं लटकतं, त्यात धारेचा दगड भिजत असतो. थोडं गवत कापलं की थांबायचं, दगड काढायचा, पात्यावरून दोन्ही बाजूंनी सर्र सर्र फिरवायचा. आपल्या पाहुण्याला एकदाच विळा देण्यात येतो. त्याचं टोक तो जमिनीत रुतवतो, आणि आजीबाई एक शब्द न बोलता विळा काढून घेऊन त्याच्या हातात लाकडी दाताळं देतात. तेव्हापासून त्याचा हुद्दा ठरतो. कापलेलं गवत पसरायचं, उलटायचं, वाळलं की ओढत ओढत उताराखाली आणायचं आणि पाऊस यायच्या आत कोठारात कोंबायचं. ढग दिसला की चार-सहा तासांचा नियम त्याला आठवतो, पण तो कुणाला सांगायचा हे कळत नाही.

घरी शिळी भाकरी वाढली तर याला पित्त होतं. इथं महिनोन्महिने टिकावी म्हणून कडकडीत भाजलेली राईची शुटेलब्रोट तो 'ऑथेंटिक' म्हणत चावतो. डुकराचं धुरवलेलं मांस नको म्हटल्यावर पालकाचे क्नोडल पुढं येतात, मग पुन्हा पालकाचे क्नोडल येतात.

सगळ्यात जास्त तो भारावतो तो तिथल्या वारसाहक्कानं. 'गेश्लोसेनर होफ' ठरलेली शेती फोडता येत नाही, ती अखंड एकाच वारसाला मिळते. बाकीच्या भावंडांना मोबदला मिळतो, तोही बाजारभावानं नव्हे, शेतीच्या उत्पन्नाच्या हिशेबानं. "म्हणून यांची शेती टिकली!" असं तो भावकीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटोसकट टाकतो. ग्रुपवर दोन दिवस शांतता.

तिकडचा उन्हाळा म्हणजे आपला जून-जुलै. गावी घेवडा गुडघ्याला आलेला, तणही त्याच्या बरोबरीनं वाढलेलं. तिसऱ्या दिवशी थोरल्यांचा फोन येतो.

"आरं, हितं भांगलायला बाया मिळंनात, आन् तू तिकडं लोकांची वैरण गोळा करतूयस व्हय? किती देत्यात?"

"पैसे नाही देत, दादा. जेवण देतात."

"जेवान तर आमी बी दिलं असतं की."

इथं वाचकाला हसू येईल आणि हा माणूस ढोंगी वाटेल. पण ते त्याच्यावर अन्याय करणारं होईल. गावी गेल्यावर त्यानं खुरप्याला हात घातला नाही असं नाही. घातला की गडी धावत येतो, "साहेब, राहू द्या, कापडं खराब व्हतील." पाठोपाठ चिंचेखाली प्लास्टिकची खुर्ची येते, चहा येतो. दक्षिण टिरोलमध्ये खुर्ची कुणी आणत नाही. घरधनी स्वतः गुडघाभर शेणात उभा असल्यावर पाहुण्याच्या कपड्यांची काळजी कोण करणार? तिथं त्याची पदवी, पगार, आडनाव यांतलं काही कुणाला ठाऊक नसतं. दाताळं उलटं धरलं तर आजी सरळ करून देते, एवढाच संबंध. आणि मुख्य म्हणजे त्या जमिनीत त्याचा हिस्सा नसतो. मन लावून राबायला एवढी निर्धोक जागा मराठी माणसाला स्वतःच्या गावात कुठून मिळायची?

दिवाळीत तो हातांचे घट्टे घेऊन गावी जातो. या खेपेला खुर्ची नाकारतो, बांधावर बूट काढतो आणि शाळूत सकाळपासून दुपारपर्यंत भांगलतो. चांगलं भांगलतो. पाठीतली चमकही उमळत नाही. गडी कामं सोडून बघत राहतात.

संध्याकाळी ओसरीवर सगळी भावकी जमते. बराच वेळ पावसापाण्याचं बोलणं होतं. शेवटी थोरले घसा खाकरून विचारतात, "मोजणी मागवायचा इचार हाय का?"

तो चकित होतो. श्रमाचा आनंद, मातीशी नातं, सू कॉपर्ड, सगळं तासभर सांगतो. मंडळी माना डोलावतात, जेवून घरी जातात.

सकाळी तो उठायच्या आत थोरल्यांनी पोराला मोटरसायकलवरून तलाठ्याकडं पिटाळलेलं असतं, उताऱ्यावर काय नवीन चढलंय का बघून यायला.