साडेआठ इंच

ज्या माणसाने देशभरातल्या आगगाड्यांसाठी आयुष्यभर रूळ लाटले, त्याची स्वतःची एक मोटार पस्तीस वर्षं रस्त्यावर येईना. हे वाक्य माझं नाही, काकूंचं. भिलाईत मराठी माणसं जमली, मग तो गणपती असो की हळदीकुंकू, काकू ते एकदा तरी म्हणतातच. काका त्यावर रागावत नाहीत. "रूळ सरळ असतो, त्याला काय अक्कल लागते? गाडीला वळावं लागतं," असं म्हणून ते तिसरी जिलबी उचलतात.

काका भिलाई स्टील प्लांटच्या रेल मिलमधून 2012 साली निवृत्त झाले. त्यांचं खरं नाव रेशनकार्डावर असेल. रिसालीपासून सुपेल्यापर्यंत त्यांना हेराल्डकाका म्हणतात, आणि भाजीवाल्या बायकाही "का होगे कका, गाड़ी चलिस का?" असंच विचारतात. "का होगे" म्हणजे "काय झालं". गेल्या पस्तीस वर्षांत काही झालेलं नाही, हे त्यांनाही ठाऊक असतं. पण काका थांबून, पिशवी खाली ठेवून, सविस्तर उत्तर देतात.

गाडी 1966 सालची, स्टँडर्ड हेराल्ड. मद्रासची स्टँडर्ड कंपनी 1961पासून ही गाडी बनवायला लागली. दोन दारं, 948 सीसीचं इंजिन, आणि चेहऱ्यावर सदैव थोडंसं दचकल्याचा भाव. काकांचे वडील प्लांट उभा राहत होता तेव्हा अमरावतीहून आले, 1959 साली पहिली झोतभट्टी पेटली तेव्हा हजर होते, आणि पुढे बदली होऊन निघालेल्या एका डॉक्टरांकडून त्यांनी ही गाडी घेतली. इथपर्यंत सगळं साधं आहे. पण तुम्ही काकांसमोर तिला नुसती "जुनी हेराल्ड" म्हणून बघा.

"स्पोर्ट्स कार म्हण, लेका."

मग खडू निघतो. काकांच्या शर्टाच्या खिशात पेन नसतं, खडू असतो. ते जमिनीवर दोन लांब रेघा काढतात. इंग्लंडच्या ट्रायम्फ कंपनीची हेराल्ड 1959ची, आकार दिला इटलीच्या मिकेलोत्तीने. त्याच कंपनीने 1962 साली स्पिटफायर नावाची दोन सीटची स्पोर्ट्स कार काढली. आकार मिकेलोत्तीचाच, चासीही हेराल्डचीच, फक्त आखूड केलेली. हेराल्डच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर 91.5 इंच, स्पिटफायरचं 83. "फरक किती?" असं ते समोरच्याला विचारतात, आणि उत्तर यायच्या आत दोन रेघांच्या मधे उभे राहून सांगतात, "साडेआठ इंच! माझ्यात आणि स्पिटफायरमध्ये साडेआठ इंच आहेत फक्त."

धाकटी बहीण कबड्डीत राज्यपातळीवर खेळली म्हणून कोणी थोरलीला जर्सी चढवत नाही. पण हे काकांना कोण सांगणार? चासीवर दोन्ही बाजूंना त्यांनी पिवळ्या रंगाने कापायच्या खुणा करून ठेवल्या होत्या. आता नवी मिल एका दमात 130 मीटरचा रूळ लाटते, हे ते मला अभिमानाने सांगतात. तेवढा रूळ निघायला लागला तरी काकांचे साडेआठ इंच काही कापून होईनात.

गाडी 1989 साली थांबली. बिघडली असं ते म्हणत नाहीत. प्लांटच्या भाषेत तिचं "कॅपिटल रिपेअर" सुरू झालं. भट्टी ठरावीक वर्षांनी बंद करून आतून-बाहेरून नवी करतात, त्याला इथे कॅपिटल रिपेअर म्हणतात. भट्टीला महिने लागतात. काकांचं म्हणणं, भट्टी काय, सोपी असते.

हेराल्डची गंमत अशी की तिचं सगळं नाक, मडगार्डांसकट, पुढच्या बाजूला उलटतं आणि इंजिन उघडं पडतं. मग पुढच्या चाकावर बसून काम करता येतं. काका तीस वर्षं त्या चाकावर बसून सकाळचा चहा पीत आले आहेत. त्यांचा एक ठरलेला टायर आहे, डावा. उजव्यावर सुपेल्याचा मिस्त्री बसतो. तो महिन्यातून एकदा येतो, कानाला स्क्रूड्रायव्हर लावून इंजिन ऐकतो, बंद इंजिन, आणि सांगतो, "बाबूजी, इंजन तो एकदम टनाटन है, बस चलता नहीं।" काका मान डोलावतात. इतकं अचूक निदान त्यांना दुसरीकडे मिळत नाही.

प्रत्येक सुटा केलेला नट, बोल्ट, वॉशर श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात. डब्यावर चिठ्ठी: "कार्ब्युरेटर, डावी बाजू", "दाराचं बिजागर, खालचं", "कशाचं आहे ते बघणे". हा शेवटचा डबा सर्वांत मोठा. एका एकादशीला काकूंच्या साबुदाण्याच्या खिचडीत वॉशर निघाला. जेवायला मी होतो. काकांनी तो तोंडातून काढला, धुतला, चष्मा लावून पाहिला आणि भडकले, "अगं, हा मागच्या ब्रेकचा आहे! दोन वर्षांपासून शोधून राहिलो मी!"

या गाडीचं छतही बोल्टने बसवलेलं असतं, काढता येतं. 1996च्या मे महिन्यात काकांनी ते काढलं, कारण बिनछताची गाडी म्हणजे निम्मी स्पिटफायर झालीच. भिलाईचा मे संपेस्तोवर ते उरलेल्या निम्म्याचा विचार करत होते. तेवढ्यात पाऊस आला. छत चढवायला गेले तर बोल्टांचा डबा सापडेना. सप्टेंबरात मागच्या सीटमधून छान पांढरे फुटू उगवले. फुटू म्हणजे आपली अळंबी, छत्तीसगडात पावसाळ्यात लोक ती खायला शोधत हिंडतात. शेजारणीने येऊन तोडून नेली आणि भाजीची वाटी परत पाठवली. गाडीने आजवर घराला दिलेलं एवढं एकच उत्पन्न.

निवृत्तीनंतर सेक्टर 6चं क्वार्टर सोडायची वेळ आली. सामान ट्रकने गेलं, गाडी ट्रॅक्टरमागे दोर बांधून. स्टिअरिंगवर काका होते, वरच्या खिशात लायसन्स. रिसालीतल्या नव्या घराचा नकाशा आधी गॅरेजचा होता, मग उरलेल्या जागेत दोन खोल्या बसवल्या.

दर 17 सप्टेंबरला विश्वकर्मा पूजा, दर दसऱ्याला झेंडूचा हार. माझ्या हिशोबाने न चालता इतके हार घेतलेली ही जिल्ह्यातली एकमेव गाडी असावी. (पुतळे सोडून.) आणि दर दसऱ्याला काका सांगणार, "पुढच्या वर्षी हीच घेऊन जाणार कोलकात्याला." तिथे स्टेट्समन वर्तमानपत्राची जुन्या मोटारींची रॅली भरते. "घरातून निघालं की जी.ई. रोड. जी.ई. रोड धरला की सरळ कोलकाता. वळायचं काम नाही." म्हणजे शेवटी रूळच की, असं मनात आलं, पण मी बोललो नाही.

गाडीपेक्षा काकांचं ज्ञान जास्त धावायचं, हे मात्र खरं. इंग्लंडमध्ये या गाड्यांचे सुटे भाग अजून बनतात. तिथल्या भाच्याने एकदा बॅगेत दोन ट्रनियन आणले. पुढच्या चाकाचा उभा दांडा खालच्या टोकाला ज्या पितळी तुकड्यात आट्यांवर फिरतो, तो ट्रनियन. आजीच्या खलबत्त्याच्या बत्त्याएवढी वस्तू, पण सगळं चाक तिच्या भरवशावर. "याला ग्रीस नाही चालत, तेल लागतं. गिअरचं जाड तेल, नव्वद नंबर," काका सांगायचे. "ग्रीस आट्यांत शिरत नाही, पाणी शिरतं. दांडा आतून गंजतो, आणि एक दिवस वळताना कटकन. मिस्त्री लोकांना कळत नाही, दिसलं भोक की मारलं ग्रीस." गॅरेजच्या भिंतीवर त्यांनी लाल अक्षरांत लिहून ठेवलं: "ग्रीस लगाना सख्त मना है।" नवे ट्रनियन इतके झळझळीत होते की ते बसवायला त्यांचा जीव झाला नाही. ते दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये गेले, काकूंच्या रांगोळी स्पर्धेच्या ढालीशेजारी.

मग 2021 साली केंद्र सरकारने जुन्या मोटारींचा नियम काढला, आणि काकांच्या आयुष्यात कधी नव्हे ती निकड आली. पन्नास वर्षांवरची खाजगी गाडी विंटेज म्हणून नोंदवता येईल, नंबरात "व्हीए" अक्षरं येतील, नव्या नोंदणीला 20,000 रुपये. पण चासीत, इंजिनात मोठा फेरफार चालणार नाही. मी हे त्यांना वाचून दाखवलं तेव्हा ते बराच वेळ पिवळ्या खुणांकडे बघत बसले. साडेआठ इंच सरकारजमा झाले होते.

"पुढे वाच," ते म्हणाले.

पुढे असं होतं की अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढायची नाही. प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला तेवढी न्यायची.

काकांचा चेहरा उजळला. "दुरुस्तीला! म्हणजे मी जे करून राहिलो, ते कायद्यात बसतं!"

काकू आतून म्हणाल्या, "पेट्रोल भरायलाही चालते म्हणे. ते कधी करणार?"

मला वाटतं, गाडी खरी चालवली ती या वाक्याने. पुढची तीन-साडेतीन वर्षं काकांनी जे काम केलं, ते आधीच्या तीस वर्षांत केलं नव्हतं. सुपेल्याच्या रविवारच्या बाजारात रेडिएटरचं झाकण मिळालं. नंदिनी रोडच्या लेथवर पुली कातून घेतली. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल येतं आणि ते जुनं रबर खातं, म्हणून सगळे पाइप बदलले. छताचे बोल्ट सापडले, "कशाचं आहे ते बघणे" या डब्यात. एका संध्याकाळी इंजिन खोकलं, धूर निघाला, आणि ते चालू राहिलं. मिस्त्रीच्या डोळ्यांत पाणी आलं. काका मात्र जरा ओशाळल्यासारखे दिसले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते चाकावर बसले नाहीत, खुर्ची आणून बसले. दोन दिवसांनी गिअरबॉक्समध्ये एक बारीक आवाज सापडला, तेव्हा कुठे चेहऱ्यावर रंग आला.

पेट्रोल भरायचा दिवस काकूंनी ठरवला. त्या पैठणी नेसून, डब्यात धपाटे घेऊन शेजारच्या सीटवर बसल्या. मी मागे, जिथे फुटू उगवले होते तिथे. पंपापर्यंत आम्ही तीसच्या वेगाने, पण बिनधोक गेलो. सायकलवाली पोट्टी शाळेत जायचं सोडून मागे लागली. पेट्रोल भरलं. परत येताना सिव्हिक सेंटरच्या अलीकडे चौक लागला, आणि तिथे काकांना मोह झाला.

"हिचं वळण बघायचं आहे तुला? पंचवीस फुटांत फिरते पूर्ण. लंडनच्या टॅक्सीसारखी!"

त्यांनी स्टिअरिंग पार टोकाला नेलं. गाडी सुंदर फिरली. साधारण अठरा फूट फिरली, आणि कटकन आवाज होऊन डावा पुढचा कोपरा खाली बसला. काकांच्या चहाचं चाक आडवं होऊन मडगार्डात रुतलं होतं.

काका उतरले, रस्त्यावर पालथे झाले, आत हात घातला. बाहेर काढला तेव्हा बोटांवर गंजाने लाल झालेलं, वाळून खडा झालेलं ग्रीस होतं. त्यांनी ते वर धरलं, जमलेल्या गर्दीला, वाहतूक पोलिसाला, मला दाखवलं. आवाज थरथरत होता.

"ग्रीस! कोणी घातलं हे ग्रीस?"

काकू सीटवरून म्हणाल्या, "तुम्ही. ब्याण्णवच्या विश्वकर्मा पूजेला. टॉर्च मी धरला होता."

क्रेनवाला आला. त्याने गाडीचं तोंड उचलून साखळी लावली आणि काकूंना हात जोडले, "माताजी, उतर जाइए, टोचन करके ले जाना है।" काकू हलल्या नाहीत. "लग्न करून आले तेव्हा दुर्ग स्टेशनवरून याच सीटवर बसून आले," त्यांनी मला सांगितलं, "आता घरी पण याच सीटवरून जाणार. त्याला सांग, हळू चालव." आणि त्यांनी डबा उघडला.

मग जी.ई. रोडकडे पाठ करून, नाक आकाशात, मागची दोन चाकं जमिनीवर, अशी हेराल्ड रिसालीकडे निघाली. आत पैठणीतल्या काकू एका हातात धपाटा धरून, दुसऱ्या हाताने गच्चीवरच्या बायकांना ओळख देत होत्या. मी सायकलवाल्या पोट्ट्यांच्या मागे चालत होतो. पुढे क्रेनच्या केबिनमधून काकांचा आवाज येत होता. ते क्रेनवाल्याला विचारत होते, "साढ़े इक्यानबे में से तिरासी गए, तो कितना बचा, बोलो?"