भरत न जाणारी पट्टी

मी हिंजवडीत पोटापाण्यासाठी वेबपानं बनवतो आणि कोथरूडच्या आमच्या सोसायटीत त्याची शिक्षा भोगतो. सोसायटीचं पान मी फुकट करून दिलंय. फुकट दिलेल्या गोष्टीत आमच्याकडे सुधारणा फार सुचवतात.

इमारतीच्या पुनर्विकासाचं घोडं चार वर्षं पेंड खातंय. जिन्यात अडवून अडवून लोकांनी सेक्रेटरींना लिफ्टची सवय लावली. मध्यंतरी ते माझ्याकडे आले. "ते डाउनलोड करताना भरत जातं ना, तसं काहीतरी पानावर टाक. किती टक्के काम झालं ते लोकांनी तिथेच बघावं. मला विचारू नये."

मी म्हटलं, एका ओळीचं काम आहे. पूर्वी नव्हतं. एका डब्यात दुसरा रंगीत डबा कोंबायचा आणि त्याची रुंदी वाढवत बसायचं, अशी आमची कारागिरी. पण एचटीएमएल 5 मध्ये, म्हणजे 2014 साली जे अधिकृत मानक झालं त्यात, 'प्रोग्रेस' नावाचा सरळ टॅग आहे. 'मॅक्स' म्हणजे एकूण काम, 'व्हॅल्यू' म्हणजे झालेलं. पट्टी ब्राउझर रंगवतो.

घाईत मी व्हॅल्यू 35 लिहिली आणि मॅक्स विसरलो. मॅक्स दिला नाही की ब्राउझर तो 1 धरतो. एकात पस्तीस म्हटल्यावर पट्टी काठोकाठ भरली. तळमजल्यावरच्या काकूंनी दुपारी लोणच्याच्या बरण्या वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतल्या. रात्री त्या सोडवताना त्यांनी माझ्या शिक्षणाचा खर्च कोणी केला याची चौकशी केली.

मॅक्स 100 केला. पण व्हॅल्यू किती? त्यावर सभा बसली. नियमाप्रमाणे पुनर्विकासाला 51 टक्के सभासदांची संमती लागते आणि ती मिळालीय, म्हणून सेक्रेटरी म्हणाले 51 लिही. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर म्हणाले, एक वीट हललेली नाही, शून्य. पार्किंगवरून भांडलेले काका उठले. "शून्य कसं? गेल्या वर्षीपेक्षा आपण मागे आलोय. उणे दहा लिहा."

"काका, उणे आकडा ब्राउझर शून्यच धरतो."

"धरतो म्हणजे? तो सभासद आहे का?"

मग मी शास्त्राचा आधार घेतला. ब्रॅड मायर्स या संशोधकाने 1985 मध्येच दाखवलं होतं की किती टक्के काम झालं हे दिसलं तर वाट बघणं लोकांना बरं वाटतं. पुढे 2007 मध्ये क्रिस हॅरिसन आणि सहकाऱ्यांना आढळलं की शेवटाकडे वेगाने धावणारी पट्टी तेवढ्याच वेळात लवकर संपल्यासारखी वाटते.

"मग शेवटी पळव," सेक्रेटरी म्हणाले.

"शेवट कुठाय?" इंजिनिअर म्हणाले.

तसं शास्त्र पुणेकराला सांगायची गरज नव्हतीच. सिग्नलवर आकडे उलटे मोजले जातात तेव्हा तो गाडी बंद करून शांत बसतो. आणि पाच उरले की ते आपल्यासाठी नाहीत असं समजून निघतो.

शेवटी तोड म्हणून मी व्हॅल्यूच काढून टाकली. तशी मुभा आहे. काम चालू आहे पण किती झालं ते ठाऊक नाही, अशा वेळी ब्राउझर एक निळा तुकडा इकडून तिकडे फिरवत ठेवतो. तांत्रिकदृष्ट्या आमच्या पुनर्विकासाचं याहून खरं चित्र नाही. दोन दिवसांत तक्रार आली: बिल्डर येतो, बघतो, जातो, हे आम्हाला माहीत आहे, ते चोवीस तास दाखवायची गरज नाही.

तेव्हा पट्टी काढली. जागा रिकामी नको म्हणून 'मीटर' टाकला. हा टॅग वेगळा. यात काही पुढे सरकावं अशी अपेक्षाच नसते, आत्ता किती आहे एवढंच दाखवायचं. गच्चीवरच्या टाकीत पाणी किती, ते. 25 च्या खाली लाल, 60 च्या वर हिरवा, मध्ये पिवळा. वॉचमन टाकीत डोकावून फोन करतो, मी आकडा बदलतो. सोसायटीच्या पानावर इतकी गर्दी कधी झाली नव्हती.

आज सकाळी सातला मीटर 30 वर आहे. बी विंगने अंघोळी उरकून घ्याव्यात.