खापर तयार आहे, डोकं पाहिजे

भारतीय फुटबॉल संघाच्या प्रशिक्षकाच्या निवडीवरून लोक महासंघाला उगाच नावं ठेवतात. ही निवड किती बारकाईने होते, याची त्यांना कल्पना नसते. जुलै २०२५ मध्ये जागा रिकामी झाली, तेव्हा १७० अर्ज आले. त्यात बार्सिलोनाच्या झावीचं नाव असल्याची बातमी फुटली, पाठोपाठ पेप गार्डिओलाचंही. झावी आपल्याला परवडणार नाही, असा सुज्ञ विचार समितीत झाल्याचंही छापून आलं. मग महासंघाने खुलासा केला की ते ई-मेल खरे नव्हते. म्हणजे कुणा खोडकराचा अर्जसुद्धा आपल्याकडे आधी परवडतो का ते पाहतात, खरा आहे का ते मागाहून. काटकसर म्हणतात ती हीच.

तरी पुढच्या वेळी गडबड नको, म्हणून समितीच्या सोयीसाठी आम्ही काही निकष तयार केले आहेत. मानधनाची अपेक्षा नाही.

पहिला निकष वर आलाच: उमेदवार स्वतः अर्ज करणारा असावा.

दुसरा निकष: तो काढायला स्वस्त असावा. नेमताना पगाराची घासाघीस सगळेच करतात. खरा खर्च निरोपाचा असतो. क्रोएशियाचे इगॉर स्टिमॅक १९९८ च्या विश्वचषकात तिसऱ्या आलेल्या संघात खेळलेले. त्यांचा करार २०२६ पर्यंत वाढवला आणि जून २०२४ मध्ये, कतारकडून हरून विश्वचषक पात्रतेचं स्वप्न संपल्यावर, त्यांना घरी पाठवलं. तडजोड चार लाख डॉलरवर झाली. तेवढ्या पैशांत किती पोरांना बूट आले असते, असले खवट प्रश्न विचारू नयेत. आमची सूचना एवढीच, की मुलाखतीत ‘तुम्ही संघाला काय द्याल?’ असं विचारण्यापेक्षा ‘जाताना काय घ्याल?’ हे विचारून घ्यावं.

तिसरा निकष: ग्रहमानाचं ज्ञान. जून २०२२ मध्ये अफगाणिस्तानविरुद्धच्या सामन्याआधी स्टिमॅक यांनी खेळाडूंची यादी एका ज्योतिषाला पाठवली आणि कोणाचा दिवस चांगला, कोणाला आज खेळवू नये, असे शेरे परत आले, हे वृत्त ‘इंडियन एक्स्प्रेस’ने दिलं होतं. ही गाठ महासंघातूनच घालून दिली गेली, असंही त्यात होतं. विज्ञानवाद्यांनी नाक मुरडलं, पण सामना भारताने २-१ असा जिंकला. त्या फेरीतले तिन्ही सामने जिंकून संघ आशियाई करंडकाला पात्रही ठरला. पुढे जानेवारी २०२४ मध्ये प्रत्यक्ष करंडकात ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरिया या तिघांकडून हार झाली आणि भारताचे गोल शून्य. यात ग्रहांचा दोष नाही. नऊ नंबरच्या जर्सीत कोणी नसेल, तर नवव्या घरात गुरू असून भागत नाही.

चौथा निकष: त्याला दुसरी नोकरी असावी. हा शोध मूळ महासंघाचाच. जुलै २०२४ मध्ये स्पेनचे मॅनोलो मार्केझ यांना नेमलं, तेव्हा ते एफसी गोवाचे प्रशिक्षक होते आणि पुढचा अख्खा मोसम राहिलेही. एका खिशात गोव्याची शिट्टी, दुसऱ्या खिशात देशाची. निकालही चोख लागले. मे २०२५ मध्ये गोव्याने सुपर कप जिंकला. देशाने त्यांच्या हाताखाली आठ सामन्यांत एक जिंकला, तोही मालदीवविरुद्ध आणि निवृत्तीतून परत बोलावलेल्या चाळिशीतल्या सुनील छेत्रीला घेऊन. मालदीवनंतर बांगलादेशाशी गोलशून्य बरोबरी झाली, मग हाँगकाँगकडून हार. गोंयकार खूश, देश नाखूश. तेव्हा पुढच्या करारात एक कलम घालावं: कोणती नोकरी मुख्य आणि कोणती जोडधंदा, हे आधीच ठरवून घ्यावं.

पाचवा निकष: त्याला कुणीतरी हरवलेलं असावं. मार्केझ यांच्या गोव्याने सुपर कपच्या अंतिम सामन्यात जमशेदपूरला ३-० असं हरवलं. त्या जमशेदपूरचे प्रशिक्षक होते खालिद जमील. जिंकलेले मार्केझ जुलैत गेले आणि हरलेले जमील १ ऑगस्टला त्यांच्या जागी बसले. हा विनोद आमचा नाही, तारखांचा आहे. तसे जमील काही ऐरेगैरे नव्हेत. मुंबई एफसीमध्ये त्यांनी वर्षानुवर्षं काढली आणि २०१६-१७ मध्ये आयझॉलसारख्या तुटपुंज्या पैशांवरच्या संघाला आय-लीग जिंकून दिली. सॅव्हियो मेदेरा या गोमंतकीयानंतर तब्बल तेरा वर्षांनी ही खुर्ची भारतीयाला मिळाली. पहिल्याच स्पर्धेत ओमानला पेनल्टींवर हरवून संघ तिसरा आला. लगेच ‘आपल्या मातीतला माणूस’ वगैरे मथळे झळकले. ऑक्टोबरात फातोर्डावर सिंगापूरकडून १-२ अशी हार झाली, २०२७ च्या आशियाई करंडकाचं दार बंद झालं आणि माती तीच असूनही मथळे बदलले. नोव्हेंबरात ढाक्यात बांगलादेशाने २२ वर्षांनी भारताला हरवलं. आता पुन्हा ‘परदेशीच बरे होते’ ही चर्चा सुरू होईल. स्वदेशी आणि विदेशी हे दोन निकष आलटून पालटून वापरावेत, म्हणजे दोन्ही ताजे राहतात.

एक क्षुल्लक बाब राहिली. जमील यांची नेमणूक होण्याच्या तीन आठवडे आधी इंडियन सुपर लीगचा नवा मोसम अनिश्चित काळासाठी थांबवण्यात आला होता. म्हणजे ज्या स्पर्धेतून खेळाडू निवडायचे, तिचाच पत्ता नव्हता. पण हा प्रश्न प्रशिक्षकाच्या पात्रतेत बसत नाही, म्हणून मुलाखतीत आला नसावा.

आता कोणाला अजिबात घेऊ नये, तेही सांगतो. हैदराबादच्या एका शाळामास्तरांचा अर्ज आला, तर तो बाजूला ठेवावा. नाव सय्यद अब्दुल रहीम. अनुभव: १९५० ते १९६३. परदेशी लायसन्स नाही, एजंट नाही. शिवाय डाग मोठा: १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांचा संघ युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा हरला. आज असा निकाल लागला, तर मध्यंतरालाच समिती बसेल आणि प्रशिक्षकाचं परतीचं तिकीट स्टेडियमच्या दारातच हातात पडेल. त्या काळचे लोक मात्र भारीच बेसावध. त्यांनी मास्तरांना काढलंच नाही. उलट, अनवाणी खेळणं बंद करून सगळ्यांना बूट घालायला लावले आणि मास्तरांना काम करू दिलं. परिणाम काय? चार वर्षांनी मेलबर्नला भारत चौथा आला आणि मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने यजमान ऑस्ट्रेलियाला तीन गोल ठोकले. १९६२ मध्ये जाकार्ताला एशियाडचं सुवर्ण मिळालं, १९५१ नंतरचं दुसरं. तेरा वर्षांत ना तडजोडीची रक्कम, ना खुलासा, ना नव्या अर्जांची छाननी. अशा माणसाने समितीला कामच उरत नाही.

प्रशिक्षकात पाहायचं ते एवढंच. समितीत काय पाहायचं, हे कोणी विचारलेलं नाही, त्यामुळे आम्हीही सांगत नाही. शेवटी फक्त एक कारकुनी सूचना. नेमणुकीचं पत्र आणि ‘परस्पर संमतीने’ वेगळं झाल्याचं पत्रक एकाच दिवशी टाइप करून ठेवावं. दुसऱ्यात तारीख कोरी सोडावी. नाव तेवढं खोडून लिहिता येईल, याची काळजी घ्यावी.