मिलिमीटर, क्युसेक, फूट आणि वन बीएचके

कृष्णाकाठी घर घ्यायचं तर माणसाला तीन मापं यावी लागतात. पावसाळ्यात सातारकराला ‘काय म्हणतोय पाऊस?’ असं विचारा, तो महाबळेश्वर-नवजाचे मिलिमीटर सांगतो. कऱ्हाडकर कोयनेतून किती क्युसेक सोडले ते सांगतो. सांगलीकर एकच आकडा उच्चारतो, तोही फुटांत, आयर्विन पुलाकडे बघून. पाणी तेच, खाली येता येता त्याचं माप बदलतं आणि सांगणाऱ्याचा चेहराही.

मी साताऱ्याच्या एमआयडीसीत, ही सांगलीत बँकेत. मधे सव्वाशे किलोमीटर. त्यामुळे आमचा संसार आठवडी बाजारासारखा शनिवारी भरायचा आणि रविवारी उठायचा. अधलंमधलं एखादं गाव बघावं, दोघांना रोज जाऊन येता यावं, खिशाला झेपावं आणि पावसाळ्यात घरात पाय कोरडे राहावेत, एवढ्याच अपेक्षेनं आम्ही निघालो. सोबत हिचे मामा. मामा निवृत्त तलाठी. सातबारा हातात आला की मालकाचं नाव सोडून आधी ‘इतर हक्का’चा रकाना वाचणार. “जावईबापू, माणूस नावात न्हाई कळत. बोज्यात कळतो.”

सुरुवात साताऱ्यातच केली. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला एका एजंटानं ‘किल्ला व्ह्यू’ असलेला फ्लॅट दाखवला. व्ह्यू होता, पण बाथरूमच्या खिडकीतून, आणि तोही बादलीवर उभं राहिल्यावर. त्या व्ह्यूचे पैसे मात्र हॉलसकट सगळ्या खोल्यांवर लावले होते. “किल्ला छत्रपतींचा आन् पैसं तुमाला व्हय?” असं मामांनी विचारल्यावर बोलणी तिथंच थांबली.

दुसऱ्या एजंटानं फोनवर सांगितलं, “सातारा रोडला प्लॉट आहे, स्टेशनला लागून.” ही हरखली. उतरून बघतो तर आम्ही कोरेगाव तालुक्यात, पाडळीला. धनजीशा कूपरांच्या कारखान्यामुळे हे ठिकाण नावारूपाला आलं, ते ठीक. पण सातारा अजून एसटीनं गाठायचा बाकी. इथून साताऱ्याला रस्ता जातो, एवढंच रेल्वेचं म्हणणं. पुढे कळलं की खुद्द साताऱ्याचं स्टेशन गावाबाहेर माहुलीला आहे, आणि कऱ्हाडचं ओगलेवाडीला, जिथं एके काळी ओगल्यांचे प्रभाकर कंदील तयार व्हायचे. या मार्गावर गाव आणि स्टेशन यांचं लग्न लागून कैक वर्षं उलटली, तरी नांदतात वेगवेगळी. आम्हाला त्यांच्याबद्दल आपुलकी वाटली.

कऱ्हाडला कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम. एजंट म्हणाला, “साहेब, गॅलरीतून नदी दिसते.” मामा गॅलरीत गेलेच नाहीत. खाली पानटपरीवर गेले, तंबाखू मळली आणि सहज विचारलं, “नदीतनं गॅलरी कवा दिसती?” टपरीवाल्यानं बोट उचलून भिंतीवर एक खूण दाखवली. खूण मामांच्या टोपीच्या वर होती.

परत जाताना मामांनी शिकवणी घेतली. नदीकाठच्या गावांत दोन पूररेषा आखतात. निळी म्हणजे साधारण पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. तिच्या आत बांधकामाला मनाई. लाल म्हणजे शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. दोन्हींच्या मधे बांधकामाला अटी. “पण मामा, २००५ला पूर आला, २०१९ला आला, २०२१ला आला. मग ही शंभर वर्षं कुणाची?” मामा म्हणाले, “सरकारी.”

किर्लोस्करवाडी बघून मात्र तिघंही खूश. १९१०मध्ये औंध संस्थानच्या निवडुंगानं भरलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना आणि वसाहत उभी केली. स्टेशनचं आधीचं नाव कुंडल रोड. माळावर वसलेल्या गावाचा फायदा असा की नदीला तिथं यायला चढ लागतो. शेजारी पलूसला स्वस्त गुंठे दाखवले. मामांनी कागद मागितले. एनए? “हुईल.” रस्ता? “नकाशात हाय.” नकाशा? “हुईल.” भविष्यकाळात एवढी समृद्धी क्वचितच बघायला मिळते.

सांगलीत हिनं स्वतः घर शोधलं. दर ऐकून मी चकित झालो. नामांकित भागाच्या अलीकडे इतकं स्वस्त? मामांनी आयर्विन पुलाची पातळी विचारली. चाळीस फुटांवर इशारा, पंचेचाळीसला धोका, आणि २०१९मध्ये पाणी सत्तावन्न फुटांपर्यंत चढलं होतं. घरमालक अभिमानानं म्हणाले, “आमच्याकडं त्रेचाळीसपर्यंत काय सुदीक होत न्हाई.” पुढचे चौदा फूट त्यांनी आमच्या कल्पनाशक्तीवर सोडले. त्याच जिल्ह्यात पूर्वेला जत-आटपाडीकडे गेलं की लोक पूररेषा विचारत नाहीत. टँकर किती वाजता येतो ते विचारतात. तिकडं म्हैसाळ, टेंभूच्या योजनांनी हीच कृष्णा मोटारींनी वर चढवून न्यावी लागते.

शेवटी मलकापूर ठरलं, कऱ्हाडला खेटून. चोवीस तास मीटरनं पाणी देणारं गाव म्हणून त्याचं नाव देशभर झालेलं. मामांनी भर दुपारी नळ सोडला, पाणी आलं. पाच मिनिटं सोडून ठेवला, तरी आलं. मग ११ डिसेंबर १९६७चा कोयनेचा भूकंप आठवून त्यांनी कॉलम ठोकून पाहिले. लाल रेषेच्या बाहेर, महारेराचा नंबर खरा, कार्पेट एरिया टेपनं मोजलेला. मला महामार्गानं सातारा जवळ, हिला ओगलेवाडीहून सांगलीची गाडी. जास्त अंतर हिच्या वाट्याला आलं, म्हणून घर हिच्या नावावर. राज्यात महिलेच्या नावावर घर घेतलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, हे कारण मी मामांना सांगितलं, पहिलं हिला.

तेव्हा या पट्ट्यात पहिलं घर घेणाऱ्यांना एवढंच सांगणं: नदीकडचं घर ऑगस्टमध्ये बघा, माळावरचं मे महिन्यात. एजंट तुम्हाला डिसेंबरात बोलावतील. जाऊ नका, डिसेंबरात सगळीच घरं चांगली दिसतात.