रस की नूडल्स : घरगुती न्यायनिवाड्याची पद्धत

नाशिकच्या घरांत हा खटला साधारण मार्चमध्ये उभा राहतो. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षांनी हातगाड्या भरलेल्या असतात, परीक्षेला बसलेलं कार्टं नूडल्ससाठी अडून बसतं आणि आई मिक्सरमध्ये द्राक्षं लोटत "हे पी, पौष्टिक असतं" म्हणते. अशा वेळी घरातल्या जाणत्या माणसाने शास्त्रीय तुलना करून निकाल द्यावा.

आधी निकाल ठरवून घ्यावा. आकडे मग आपोआप रांगेत येतात.

रस जिंकवायचा असेल तर नूडल्स पाकिटातले कोरडेच मोजावेत. तळून काढलेल्या इन्स्टंट नूडल्समध्ये १०० ग्रॅमला चारशेहून जास्त कॅलरी निघतात, द्राक्षाच्या रसात जेमतेम साठ. रसात ८० टक्क्यांवर पाणीच असतं, हे कुणी विचारत नाही. आपणही बोलू नये.

नूडल्सची बाजू घ्यायची असेल तर ते शिजवून मोजावेत. पातेल्यातलं पाणी पिऊन ते फुगतात आणि गव्हाच्या साध्या उकडलेल्या नूडल्सच्या १०० ग्रॅममध्ये १४०च्या आसपास कॅलरी उरतात. वर चार-साडेचार ग्रॅम प्रथिनं. रसात ती अर्धा ग्रॅमसुद्धा भरत नाहीत. मसाल्याची पुडी मात्र तुलना संपेपर्यंत डब्यामागे ठेवावी, कारण मीठ तिच्यात असतं. जागतिक आरोग्य संघटनेने माणशी दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ सांगितलंय, हेही डब्यामागेच.

आता गाळणीकडे या. आई चमच्याच्या पाठीने द्राक्षांचा लगदा दाबते, रस खाली उतरतो आणि सालींचा चोथा तुळशीच्या कुंडीत जातो. तंतू तुळशीला, साखर मुलाला. पाव लिटरच्या ग्लासात ही साखर ३५ ग्रॅमच्या घरात जाते. त्याच संघटनेच्या हिशेबात प्रौढाला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम मुक्त साखर पुष्कळ झाली, २५ असेल तर उत्तम. गंमत अशी की रसातली साखर या हिशेबात धरतात. अख्खं द्राक्ष चावून खाल्लं तर तीच साखर धरत नाहीत. हा मुद्दा आईसमोर काढायचा झाल्यास मिक्सर बंद असताना काढावा.

वाद चिघळलाच तर दोघांची जुनी प्रकरणं काढावीत. जून २०१५ मध्ये शिशाच्या कारणावरून देशभर मॅगी बंद झाली, ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी उठवून नव्याने तपासणी करायला लावली आणि नोव्हेंबरात ती दुकानांत परतली. रसवाल्यांनी फार हसू नये. जून २०२४ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने डबाबंद रसांवरचा '१०० टक्के फळांचा रस' हा दावा काढायला लावला.

कॉलेज रोडवरची चायनीजची गाडी आणि रसवंती या न्यायालयाच्या कक्षेबाहेर आहेत. तिथे फक्त भूक मोजतात.

निकाल लिहून घ्या : द्राक्षं धुवून तशीच खावीत. नूडल्स करायचेच तर पुडी अर्धी, त्यात मटार-गाजर आणि चालत असेल तर एक अंडं. मिक्सर घासायचा वाचतो, आणि घरात प्रथिनांपेक्षा हेच कारण लवकर पटतं.